एक खाच सगळ्यांची, एक मालकाची

घरात सात-आठ वर्षांचा एक डेस्कटॉप असतो. कधीकाळी ताईच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, आता टेबलाखाली धूळ खात बसलेला. मग कुणाला तरी नवा गेम खेळायचा असतो आणि दुकानदाराला, मित्राला किंवा 'कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या' एखाद्या दादाला तो ठरलेला प्रश्न विचारला जातो : "ह्याच्यात कार्ड टाकलं तर चालेल का?" उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच. कार्ड टाकता येईल, पण प्रोसेसर जुना आहे. तो बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल. बोर्ड बदलला की रॅमही नवी. म्हणजे हिशेब संपेपर्यंत जुनं उरतं ते फक्त कॅबिनेट.

ऐकताना हे सगळं निसर्गनियमासारखं वाटतं. आंबा उन्हाळ्यात पिकतो, तसा प्रोसेसर बोर्डासकट बदलावा लागतो. पण ग्राफिक्स कार्डाची खाच आणि प्रोसेसरचं सॉकेट एकाच बोर्डवर, वीतभर अंतरावर असतात. मग एकीत दहा वर्षांनंतरचं कार्डही बसतं आणि दुसऱ्यात तीन वर्षांनंतरचा प्रोसेसर बसत नाही, असं का? याचं उत्तर विजेत किंवा सिलिकॉनमध्ये फार थोडं आहे. बरंचसं आहे ते गेल्या पंचेचाळीस वर्षांच्या भांडणांत. ती रिकामी जागा कुणाच्या मालकीची, यावरून झालेली भांडणं.

*

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने न्यूयॉर्कमध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. आयबीएमच्या हिशेबाने वर्षभर म्हणजे चहा प्यायला लागणारा वेळ. इतक्या घाईत सगळं स्वतः बनवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला (८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ), ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि बाकीचं पुढे बघू. हे 'पुढे बघू' बोर्डवर पाच रिकाम्या खाचांच्या रूपाने बसवलेलं होतं.

पडद्यावर चित्र उमटवायची सोयसुद्धा या बोर्डवर नव्हती. त्यासाठी एक खाच खर्ची घालून कार्ड लावावं लागे. एक कार्ड फक्त अक्षरं दाखवायचं, ती मात्र सुबक. दुसरं रंगीत. त्यावर ३२० गुणिले २०० ठिपके आणि चित्रात एका वेळी चार रंग, तेही डोळ्यांना खुपणारे. म्हणजे ग्राफिक्स कार्ड वेगळं असणं ही गेमिंगवाल्यांनी नंतर काढलेली चैन नाही. पीसी जन्माला आला तोच चित्राची जागा मोकळी ठेवून.

आणखी एक जागा मोकळी होती. प्रोसेसरच्या शेजारी एक रिकामं सॉकेट होतं, ८०८७ या गणिती चिपसाठी. ज्याला दशांश अपूर्णांकांचा मोठा हिशेब करायचा असेल त्याने ती विकत घेऊन तिथे बसवावी. लक्षात घ्या, दोन्ही खाचा पहिल्या दिवसापासून आहेत. पण पाच खाचांचं आमंत्रण साऱ्या जगाला होतं आणि त्या सॉकेटचं आमंत्रण एकट्या इंटेलला.

आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. बोर्डचे सर्किट नकाशे आणि बायोसचा पूर्ण कोड छापलेलं जाडजूड मॅन्युअल विकायला ठेवलं. हेतू साधा होता, इतरांनी यासाठी कार्डं बनवावीत. तशी ती बनलीच. पण कॉम्पॅकसारख्यांनी बायोस कायदेशीर मार्गाने नव्याने लिहून आख्खी यंत्रंच बनवली. ज्याला आपण 'असेंबल्ड' म्हणतो तो प्रकार इथून सुरू झाला. याच काळात ॲपल उलट दिशेने चालली होती. १९७७ च्या ॲपल-टूमध्ये वॉझ्नियाकने हट्टाने आठ खाचा ठेवून घेतल्या होत्या. जॉब्सला दोन पुरेशा वाटत होत्या. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये एकही नव्हती, आणि डबा उघडायला लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागायचा. तुमच्या खिशातला फोन हा त्या मॅकिन्टॉशचा वंशज आहे.

रिकाम्या खाचेचं काय होऊ शकतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण गेमचं नाही. व्हॅन सुवानुकुल नावाच्या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत, पीसीवर लिहायचा होता. आयबीएमच्या अक्षरी कार्डात थाई अक्षरं नव्हती आणि रंगीत कार्डाचे ठिपके इतके जाड की ती नीट उमटेनात. मग त्याने स्वतःचं कार्ड बनवलं. १९८२ चं ते हर्क्युलस ग्राफिक्स कार्ड ७२० गुणिले ३४८ ठिपके दाखवायचं आणि पुढे कितीतरी वर्षं जगभरच्या ऑफिसांमध्ये चाललं. आपल्याकडेही हेच झालं. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीवर सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड निघालं. ते खाचेत बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले वर्डस्टार, डीबेससारखे प्रोग्रॅम मराठी अक्षरं दाखवायला लागत. युनिकोड घराघरांत पोचायच्या कितीतरी आधी देवनागरी पीसीत शिरली ती अशी, मागचं झाकण उघडून.

*

हे मोकळं रान आयबीएमला फार काळ परवडणारं नव्हतं. १९८७ मध्ये कंपनीने पीएस/२ नावाची नवी यंत्रं आणली आणि खाचेची रचनाच बदलली. मायक्रोचॅनेल नावाची ही नवी खाच तांत्रिकदृष्ट्या खरंच चांगली होती. पण जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती, आणि ती वापरायची तर आयबीएमला पैसे मोजा. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं चालतील अशी स्वतःची खाच जाहीर केली. ती खाचही फारशी चालली नाही, पण मायक्रोचॅनेल मात्र मेलं. चांगली वस्तू हरली आणि मोकळी वस्तू जिंकली. पुढे १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय ही खाच आणली तेव्हा हा धडा ताजा होता. तिचा कारभार एका सामायिक संस्थेकडे गेला, आणि आज शेकडो कंपन्या त्या संस्थेच्या सभासद आहेत. आताची पीसीआय एक्स्प्रेस तिचीच लेक.

कार्डाची खाच सार्वजनिक राहिली ती अशी. कुणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नाही. एकट्याने बळकवायचा प्रयत्न फसला म्हणून.

सॉकेटचं काय झालं, ते पाहण्यासाठी १९९१ मध्ये यायला हवं. इंटेलने ४८६एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर काढला. तो म्हणजे महागडा ४८६डीएक्सच, गणिताचा भाग बंद केलेला. बोर्डवर शेजारी एक रिकामं सॉकेट. 'पुढे गणिताची गरज लागली तर ४८७एसएक्स घेऊन इथे बसवा.' लोक बसवायचेही. पण ४८७एसएक्स ही मदतनीस चिप नव्हतीच. तो एक पिन जास्त असलेला पूर्ण ४८६डीएक्स होता. तो बसला की जुन्या प्रोसेसरला झोपवायचा आणि सगळं काम स्वतः करायचा. तुम्ही दोन प्रोसेसरचे पैसे भरलेत, चालतोय एक. अपग्रेडच्या इतिहासात याहून निगरगट्ट विनोद मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ओव्हरड्राइव्ह नावाने हीच कल्पना जरा प्रामाणिकपणे आली. दुप्पट वेगाचा प्रोसेसर थेट ग्राहकाला, स्वतः बसवायला.

आणि बसवायला कारणही लवकरच मिळालं. १० डिसेंबर १९९३ रोजी टेक्ससमधल्या इड सॉफ्टवेअरने 'डूम' सोडला. त्याला कुठलंही खास कार्ड लागत नव्हतं. भिंती, राक्षस, बंदुकीचा जाळ, सगळं प्रोसेसर एकटा रंगवायचा. ३८६ वर तो रखडत चाले आणि ४८६ वर धावे. घरातल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायला हिशेबाच्या फायली कधीच पुरेशा ठरल्या नसत्या. डूम पुरला.

जून १९९६ मध्ये याच मंडळींचा 'क्वेक' आला आणि त्याने एक आख्खी कंपनी उघडी पाडली. त्या वेळी प्रोसेसरचं सॉकेटसुद्धा जवळजवळ सार्वजनिक होतं. सॉकेट ७ मध्ये इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के५ बसे आणि सायरिक्सचा ६x८६ही. सायरिक्सचा प्रोसेसर १५० मेगाहर्ट्झवर चालायचा, पण नाव '२००+', कारण ऑफिसच्या कामात तो २०० च्या पेंटियमला भारी पडे, शिवाय स्वस्त. क्वेक मात्र खऱ्या त्रिमितीतला होता आणि त्याचं सगळं गणित दशांश अपूर्णांकांचं. त्याचे लेखक जॉन कारमॅक आणि मायकेल ॲब्रॅश यांनी कोड खास पेंटियमच्या चालीवर बेतला होता. तिथे एक मोठा भागाकार मागे चालू असतानाच पुढचे ठिपके रंगवून होत. सायरिक्सला हे जमेना. ज्यांनी पैसे वाचवून सायरिक्स घेतला होता त्यांचा क्वेक अडखळू लागला. सायरिक्स काही वाईट कंपनी नव्हती, पण एका गेमने तिचं गणित कच्चं असल्याचं चारचौघांत सांगून टाकलं.

तरी सॉकेट ७ वाल्यांना एक सुख होतं. बोर्ड तोच ठेवून सायरिक्स काढा, पेंटियम लावा. किंवा थोडं थांबा आणि एएमडीचा के६ लावा. मे १९९७ मध्ये पेंटियम टू आला आणि हे सुख संपलं. त्याच्यासाठी इंटेलने स्लॉट १ नावाची पूर्ण वेगळी रचना काढली. प्रोसेसर कॅसेटसारख्या डब्यात, बोर्डवर उभा. त्यामागे तांत्रिक कारण होतं, कॅश मेमरी शेजारी बसवायची होती. पण ही रचना इंटेलची स्वतःची होती आणि एएमडीला तिचा परवाना नव्हता. एएमडीने १९९९ मध्ये ॲथलॉनसाठी स्लॉट ए आणला. त्याची प्लॅस्टिकची खाच दिसायला तीच, फक्त उलटी फिरवलेली आणि आतल्या विजेच्या तारा निराळ्या. त्या दिवसापासून आजपर्यंत इंटेलचा आणि एएमडीचा प्रोसेसर एका बोर्डवर बसलेला नाही. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर १९९७ मध्येच लिहून झालं होतं.

*

सॉकेटभोवती कुंपण पडत होतं त्याच काळात कार्डाच्या खाचेत मात्र जत्रा भरली होती. सॅन होजेच्या थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९६ मध्ये वूडू आणलं. आधी अशा चिप्स खेळघरांतल्या मोठ्या यंत्रांसाठी होत्या. त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले आणि ४ एमबीचं कार्ड घरच्या ग्राहकाला परवडण्याजोगं झालं. वूडूची गंमत अशी की ते जुन्या कार्डाला हटवायचं नाही. जुनं कार्ड विंडोज दाखवत राही, वूडू शेजारच्या खाचेत बसे, आणि एक छोटी केबल एकाच्या पाठीतून दुसऱ्याच्या पाठीत. गेम सुरू झाला की वूडू मॉनिटरचा ताबा घेई. ऑर्किड कंपनीच्या कार्डात त्यासाठी यांत्रिक रिले होता. 'टक्' असा आवाज यायचा, आणि भिंतीवरचे चौकोनी ठिपके विरघळून गुळगुळीत दगड दिसायला लागायचा. त्या पिढीतल्या गेमरांना तो आवाज अजून आठवतो.

वूडूचा शेवट लवकर झाला, त्याला कारणही खाचेशी जोडलेलं आहे. थ्रीडीएफएक्स फक्त चिप बनवे, कार्डं बनवत डायमंड, ऑर्किड, क्रिएटिव्हसारखे अनेक. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेतली आणि यापुढे कार्डं आपणच बनवणार असं ठरवलं. कालचे भागीदार आजचे गिऱ्हाईक राहिले नाहीत; ते एनव्हिडियाकडे गेले. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आणलं, त्याला 'जीपीयू' म्हणून मिरवलं, आणि डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ताच विकत घेतली.

आपल्याकडे हे सगळं कुठून येत होतं? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरात एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांशेजारी कॉम्प्युटरचे सुटे भाग मांडले गेले. १९९७ मध्ये भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत या भागांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. ब्रँडेड यंत्र घेणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्या मध्यमवर्गाने असाच, यादी हातात धरून, कॉम्प्युटर जुळवून घेतला. 'एसएमपीएस' हा शब्द मराठी घरात आला तो या गल्ल्यांतून. सगळ्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणायची आपली सवयही तेव्हाची. तिचं भाषाशास्त्र मला कधी चूक वाटलं नाही. ज्याला आत काय आहे ते बदलायचं नाही, त्याच्यासाठी तो डबाच सीपीयू.

आत हात घालणाऱ्यांची मात्र जगभर एक वेगळीच जमात तयार झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. बोर्डाकडून ६६ मेगाहर्ट्झचा ठोका घेऊन तो त्याचे साडेचार पट, म्हणजे ३०० करायचा. कुणीतरी बोर्डाचा ठोका १०० वर नेऊन पाहिला. प्रोसेसर ४५० वर निमूट चालला, आणि गेममध्ये काही पट महाग पेंटियम टूच्या बरोबरीने. ज्यांच्या बोर्डमध्ये ठोका बदलायची सोय नव्हती त्यांनी प्रोसेसरच्या काठावरच्या बी२१ नावाच्या एका संपर्कावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. बोर्डाला वाटे की १०० चाच प्रोसेसर आलाय. दोन वर्षांनी एएमडीच्या ॲथलॉन आणि ड्युरॉनच्या पाठीवरचे तोडलेले सूक्ष्म पूल लोकांनी साध्या शिसपेन्सिलीने जोडले, कारण शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. कारखान्याने घातलेलं कुलूप कंपासपेटीतल्या वस्तूने उघडलं. या युक्त्यांना 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. त्यांचा उगम हौसेत कमी आणि खिशात जास्त होता.

*

इथे जरा थांबून डब्यात नेमकं चालतं काय ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने ठरवायचं : शत्रू कुठे सरकला, गोळी कुणाला लागली, भिंतीआड काय दडलंय, काय दिसतंय. मग तो कार्डाला यादी देतो की अमुक वस्तू, अमुक जागी, अमुक प्रकाशात. कार्ड ती यादी घेऊन पडद्यावरचे ठिपके रंगवतं. फुल एचडी पडद्यावर ते सुमारे २०.७ लाख असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. पंगतीचा हिशेब आहे हा. आत आचारी कितीही झपाट्याने भजी तळो, बाहेर वाढपी एकच असेल तर पानं रिकामी. आणि वाढपी दहा असून कढई छोटी असेल तरी पानं रिकामीच.

म्हणून 'कार्ड टाकलं तर चालेल का' याचं खरं उत्तर गेमच्या सेटिंगमध्येच सापडतं. रिझोल्यूशन कमी करून पाहा. ठिपके कमी झाले म्हणजे कार्डाचं काम घटलं. प्रोसेसरचं काम तेवढंच राहिलं. फ्रेम वाढल्या तर अडलंय कार्डापाशी. ढिम्म हलल्या नाहीत तर प्रोसेसरपाशी, आणि तिथे कितीही महाग कार्ड लावलंत तरी ते यादीची वाट पाहत बसून राहणार. हा दोन मिनिटांचा प्रयोग न करता लोक हजारो रुपयांची कार्डं घेऊन येतात.

कार्डाची खाच या सगळ्यात किती निष्ठेने टिकली ते बघण्यासारखं आहे. मधल्या काळात एजीपी ही फक्त ग्राफिक्ससाठीची खाच येऊन गेली. २००४ पासून बोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस दिसू लागली आणि तेव्हापासून वेग वाढत गेले तरी आकार तोच राहिला. या खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीजही मिळते. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ७५० टीआय या कार्डाला ६० वॉट लागत, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढायची गरज नव्हती. ऑफिसांतून निवृत्त झालेले, किरकोळ एसएमपीएसचे स्वस्त डेस्कटॉप घ्यायचे, त्यात हे कार्ड टाकायचं, की घरात गेमिंग पीसी तयार. कितीतरी मुलांचं गेमिंग असं सुरू झालं.

खाच सार्वजनिक असली तरी तिच्यातून कसं जायचं हे कार्डवाल्यांच्या हातात असतं, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने आरएक्स ६५०० एक्सटी हे बजेट कार्ड काढलं. खाचेत डेटाचे १६ मार्ग असतात, हे कार्ड त्यातले चारच वापरतं. नव्या, वेगवान खाचेत ते चालून जातं. पण जुन्या पिढीच्या खाचेत त्याच चार मार्गांचा वेग निम्मा, शिवाय कार्डावर मेमरी फक्त ४ जीबी, त्यामुळे गेम अडखळतो. म्हणजे ज्याच्याकडे जुनं यंत्र, त्यानेच हे स्वस्त कार्ड घ्यायचं, आणि त्यालाच ते कमी वेगाने चालायचं.

सॉकेटची कहाणी याहून कडू आहे. इंटेलने २००९ ते २०१५ या काळात साध्या डेस्कटॉपसाठी चार सॉकेटं बदलली : ११५६, ११५५, ११५०, ११५१. आकडे पिनांचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तर आठव्या पिढीचे प्रोसेसर आले ते ११५१ पिनांचेच, जुन्या बोर्डवर हुबेहूब बसणारे. पण जुन्या बोर्डवर ते चालणार नाहीत असं कंपनीने सांगितलं. विजेची गरज वाढलीय हे कारण. हौशी लोकांनी बायोस बदलून, एखाददुसरा संपर्क झाकून ते जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. त्याआधीही २०१३ च्या सुमाराला एक युक्ती पसरली होती. डेटा सेंटरमधून मोडीत निघालेले ७७१ पिनांचे झिऑन प्रोसेसर घ्यायचे, त्यांच्या तळाला दोन संपर्कांची अदलाबदल करणारा एक स्टिकर लावायचा, सॉकेटच्या दोन खुंट्या कापायच्या आणि ते घरच्या ७७५ च्या बोर्डवर बसवायचे. एका पिढीचे जुने बोर्ड या स्टिकरवर आणखी चार-पाच वर्षं जगले.

एएमडीने याच काळात दुसरा रस्ता घेतला, तोही गरजेपोटी. २०१७ मध्ये रायझन बाजारात आला तेव्हा कंपनीची परिस्थिती बिकट होती आणि ग्राहक परत आणायचा तर त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. तिने दिलं ते टिकणारं सॉकेट, एएम४. मे २०२० मध्ये मात्र तिने जाहीर केलं की येणारे रायझन ५००० जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, बायोसच्या १६ एमबीच्या चिपमध्ये जागा पुरत नाही. ग्राहक खवळले. कित्येकांनी नुकताच तो बोर्ड घेतला होता, तोही पुढच्या प्रोसेसरच्या भरवशावर. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने शब्द फिरवला, आणि २०२२ मध्ये तर पहिल्यावहिल्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. जागा पुरत नव्हती हे कारण खोटं नव्हतं. फक्त मनावर घेतल्यावर ती करता आली.

*

मधल्या काही वर्षांत कार्डाच्या खाचेवर वेगळंच संकट आलं. ती रिकामी होती, पण तिच्यात टाकायला कार्ड मिळेना. इथेरियम हे आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवर 'खणता' येई, त्यामुळे २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कार्डं छापील किमतीच्या कुठल्या कुठे गेली. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० काढलं ते खाणकामाचा वेग अर्धा करणारं कुलूप घालून. पुढच्याच महिन्यात ते कुलूप उघडणारा ड्रायव्हर कंपनीकडूनच चुकून बाहेर पडला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि खाणकाम एका दिवसात थांबलं. रात्रंदिवस तापलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. आपल्याकडे अनेकांना पहिलं बरं कार्ड तेव्हा मिळालं, थर्मल पेस्ट बदलून, पंख्यातली धूळ झटकून.

खाणवाले गेले आणि एआयवाले आले. त्याची मुळंही गेमरच्या कार्डात आहेत. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारं जे प्रसिद्ध न्यूरल नेटवर्क बनवलं, ते शिकलं दुकानात मिळणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, पाच-सहा दिवसांत. आज एनव्हिडियाला डेटा सेंटरकडून मिळणारा पैसा गेमरांकडून मिळणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट आहे. ज्या गिऱ्हाइकाने ही कंपनी उभी केली तो आता रांगेत मागे आहे, आणि कार्डाच्या किमतीत ते दिसतं.

तिसरं दार सॉफ्टवेअरने लावलं. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा जवळपास आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर हवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्याच वर्षी मे महिन्यात डूम मालिकेचा नवा भाग आला, 'डूम : द डार्क एजेस'. १९९३ च्या डूमला कार्डच लागत नव्हतं. या डूमला रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्ड नसेल तर तो सुरूच होत नाही, आणि किमान गरजांत आठ कोअरचा प्रोसेसर लिहिलेला आहे.

आता २०१७ मधले दोन ग्राहक समजा. एकाने जानेवारीत इंटेलचा सातव्या पिढीचा आय७ घेतला, त्या वेळचा गेमिंगचा राजा. दुसऱ्याने मार्चनंतर एएम४ चा बोर्ड आणि सहा कोअरचा पहिला रायझन घेतला. गेममध्ये तो तेव्हा जरा मागेच होता. आज दोघांच्याही खाचेत रे ट्रेसिंगचं कार्ड बसतं, एसएमपीएस पुरेसा असला की झालं. पहिल्याच्या बोर्डवर मात्र चार कोअरच्या पुढे अधिकृतपणे काही बसत नाही आणि विंडोज ११ च्या यादीत त्याचा प्रोसेसर नाही. दुसऱ्याचा मूळ प्रोसेसरही त्या यादीत नाही. पण तो बायोस अपडेट करतो, चार स्क्रू सोडवून पंखा काढतो, जुना रायझन उचलतो आणि २०२२ चा आठ कोअरचा ५८००एक्स३डी त्याच सॉकेटमध्ये ठेवतो. रॅम तीच, बोर्ड तोच. विंडोज ११ तक्रार करत नाही आणि नवा डूम चालतो.